मधल्या माणसाचा पगार कोण देणार?

सातारा-सांगलीकडे बौद्धिक दिव्यांग तरुणांच्या रोजगाराचा विषय निघाला की दोनच सूर कानी पडतात. 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, व्यासपीठावरून ‘ही मुलं कशातच कमी नाहीत’ असं ठणकावून सांगितलं जातं. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो छापून येतो. तो फोटो पाहिलेला एमआयडीसीतला कारखानदार मग खासगीत म्हणतो, ‘ते सगळं ठीक आहे हो, पण उद्या हात मशीनमध्ये गेला तर निस्तरायचं कुणी?’ एक सूर भाबडा, दुसरा धास्तावलेला. वाद मात्र दोघंही एकाच गोष्टीवर घालतात, या तरुणांच्या अंगात कुवत आहे की नाही यावर. मग एक बाजू एखाद्या कर्तबगार मुलाचं उदाहरण देते, दुसरी एखाद्या फसलेल्या प्रयोगाचं, आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत विषय फळीवर जातो.

वादाचा मुद्दाच मुळात चुकला आहे. डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता किंवा सौम्य-मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व असलेला विशीतला तरुण पगाराच्या कामावर टिकतो की नाही, हे त्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरतं. पहिले काही महिने त्याच्या आणि त्या कामाच्या मध्ये रोज हजर राहणारा, शिकवण्याचं तंत्र येणारा एक माणूस आहे का? जॉब कोच म्हणतात तो हा. तो असेल तर अर्ध्या अडचणी पहिल्या पंधरवड्यात सुटतात. तो नसेल तर हुशारातला हुशार मुलगाही महिन्याभरात घरी परततो आणि ‘बघा, सांगत होतो ना’ म्हणणाऱ्यांचं फावतं. म्हणून मागायचं असेल तर हे मागावं : खऱ्या कामाच्या जागी सहा महिने ते वर्षभराची उमेदवारी, सोबत जॉब कोच, आणि उमेदवारी पार पडली तर पगाराची कोणती जागा मिळणार हे पहिल्याच दिवशी कागदावर. तिन्ही एकत्र. त्यातलं एक जरी गळलं तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग नाही.

ही कल्पना काही कुणाच्या डोक्यातून काल निघालेली नाही. 1996 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात, आपत्कालीन विभागाच्या प्रमुख असलेल्या एरिन रीली यांनी साहित्य जागच्या जागी भरून ठेवण्याच्या कामासाठी विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या तरुणांचा विचार केला, आणि त्यातून ‘प्रोजेक्ट सर्च’ उभा राहिला. शैक्षणिक वर्षभर एकाच मोठ्या आस्थापनेत आठ ते बारा तरुण, साधारण दहा-दहा आठवड्यांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी वेगळ्या विभागात, आणि जागेवरच एक शिक्षक व जॉब कोच, असा त्याचा साचा. इंग्लंडने 2012-13 मध्ये चाचणी घेऊन सरकारी पातळीवर असाच कार्यक्रम आणला. 16 ते 24 वयाच्या, विशेष शिक्षणाची अधिकृत योजना नावावर असलेल्या विद्यार्थ्यांसाठी, किमान सहा महिन्यांचा. इथे उत्साहावर थोडं पाणी टाकायला हवं. त्याच इंग्लंडमध्ये सामाजिक सेवांकडे नोंद असलेल्या बौद्धिक दिव्यांग प्रौढांपैकी पगारी कामावर असलेल्यांचं प्रमाण आजही शंभरात पाचाच्या आसपास घुटमळतं. कारण ज्यांना कोच मिळाला त्यांची संख्याच थोडी आहे. बाकीच्यांच्या वाट्याला सल्ला, पुस्तिका आणि प्रतीक्षायादी आली.

आपल्याकडे तर दारच चुकीच्या उंचीवर बसवलं आहे. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. आस्थापनेत प्रत्यक्ष काम, सुरुवातीला सहा महिने, विद्यावेतन 6 ते 10 हजार. कल्पना चांगली. पण खालची पात्रता बारावी पास. त्याच वर्षीच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत किमान दहावी. विशेष शाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या तरुणाकडे यातलं काहीच नसतं. सरकारी नोकरीचं आरक्षण पाहावं तर 1995 च्या दिव्यांग कायद्यातल्या 3 टक्क्यांत बौद्धिक दिव्यांगांना जागाच नव्हती. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग असे तीनच वाटे होते. 2016 च्या कायद्याने ते 4 टक्के केलं आणि चौथा टक्का स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, अध्ययन अक्षम, मानसिक आजार असलेले आणि बहुदिव्यांग अशा सगळ्यांत मिळून दिला. एवढ्या जणांनी वाटून घ्यायच्या त्या टक्क्यापर्यंत पोचायचं तेही लेखी स्पर्धा परीक्षेतून. ज्याची अडचणच लेखी परीक्षा ही आहे त्याला परीक्षेच्या पलीकडे ठेवलेलं आरक्षण काय कामाचं?

एक फट मात्र शिल्लक आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या नियमांत विद्यावेतनाची सर्वांत खालची पायरी पाचवी ते नववी पास उमेदवारांची आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणातला ‘ब’ स्तर पाचवीशी आणि ‘क’ स्तर आठवीशी समकक्ष धरला जातो. म्हणजे विशेष शाळेने सोळाव्या-सतराव्या वर्षी ‘ब’ स्तराचा फॉर्म भरून घेतला आणि तो पास झाला तर त्या मुलाला कायदेशीर शिकाऊ उमेदवार होता येतं. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा 25 टक्के, महिना 1500 रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलतं. कुपवाड, मिरज, पलूस, शिरवळ, लोणंद, सातारा इथल्या कारखान्यांना उमेदवार घ्यायचेच आहेत. त्यातले दोन-तीन हे का असू नयेत? फॉर्म वेळेवर भरला नाही तर मात्र पुढची सगळी साखळी तिथेच तुटते, आणि बहुतेकदा ती तिथेच तुटते.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. त्यातलं सर्वांत वजनदार म्हणणं कारखानदारांचं नाही, विशेष शिक्षकांचं आणि शाळा संपलेल्या या तरुणांना दिवसभर हस्तकामात गुंतवणाऱ्या कार्यशाळा चालवणाऱ्यांचं आहे. ते म्हणतात, बाहेरचं जग टोचणारं आहे. कार्यशाळेत त्याला सोबती आहेत, दिनक्रम आहे, कुणी हिणवत नाही, आणि अजून तो बाहेर जायला तयार नाही. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. ज्यांना जेवणाखाण्यापासून मदत लागते अशा तीव्र दिव्यांगत्वाच्या तरुणांसाठी कार्यशाळा आणि दिवसभराची केंद्रं लागणारच, आणि आहेत त्यापेक्षा जास्त लागतील. ‘कार्यशाळा बंद करा’ ही भाषा परदेशात चालली, इथे तिने फक्त आयांचा छळ होईल. पण ‘अजून तयार नाही’ हा दुसरा भाग तपासून पाहावा लागेल. अठराव्या वर्षी आलेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षीही तयारच होत असेल तर तयारी कशाची चालली आहे? उटणं, पणत्या, राख्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या. दिवाळीच्या प्रदर्शनात लोक आस्थेने विकत घेतात. मालाची गरज असते म्हणून नव्हे. पणती रंगवण्यात दहा वर्षं तरबेज झालेल्या हाताला एसटी पकडणं, साडेआठच्या भोंग्याला हजर असणं, मुकादम बदलला तरी काम चालू ठेवणं यातलं काहीही येत नाही, कारण ते कार्यशाळेत घडतच नाही. बौद्धिक दिव्यांगत्वातली एक नेहमीची अडचणच ही आहे की एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लागू पडत नाही. मग शिकवायचं जिथे, ती जागाच कामाची का नसावी? आधी शिकवा मग पाठवा, हा क्रम उलटवून आधी पाठवा आणि तिथेच शिकवा, असं 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या अभ्यासकांनी मांडलं ते याच अनुभवावरून.

त्याच्याही आधी, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, इलिनॉय विद्यापीठात मार्क गोल्ड यांनी आश्रित कार्यशाळांमधल्या बौद्धिक दिव्यांग तरुणांना सायकलचा 15 सुट्या भागांचा ब्रेक जुळवायला शिकवला. काहींच्या भागांना एका बाजूने रंग दिला होता. रंग समोर आला की भाग बरोबर बसला. रंगवाले लवकर शिकले. गोल्ड यांनी बोलणं शक्य तितकं कमी ठेवलं, हात दाखवून शिकवलं, आणि शिकणाऱ्याला जमलं नाही तर दोष शिकवण्याच्या रीतीत शोधला. अर्धं शतक उलटलं. आपण अजून विचारतो आहोत की ही मुलं कागदी पिशवीच्या पुढे जातील का.

सांगली-तासगावचा बेदाणा घ्या. शीतगृहाशेजारच्या पॅकिंग शेडमध्ये 15 किलोचा खोका भरणं हे बाहेरून पाहिलं तर एक काम. कोच ते फोडतो तेव्हा त्याची दहा-बारा कामं होतात : सपाट खोका उघडून उभा करणं, तळाच्या पाकळ्या ठरलेल्या क्रमाने दुमडणं, टेप लावणं, आत प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड खोक्याच्या कडेवर उलटवणं, खोका काट्यावर ठेवून आकडा शून्य करणं, बेदाणा ओतणं, वजन नेमकं करणं, पिशवीचं तोंड दुमडणं, झाकणाला टेप, लेबल, थप्पी. यात कुठे अडतं हे पाहिलं की क्षमतेची चर्चा किती पोकळ आहे ते कळतं. दशांश चिन्हाचा आकडा वाचणं अनेकांना जमत नाही, 14.85 आणि 15.02 त्यांना सारखेच. उपाय साधा आहे. कमी-जास्त वजनाची मर्यादा लावता येते आणि दिवे लागतात असे काटे बाजारात मिळतात. हिरवा लागला की थांब. लेबल उलटं लागतं. खोक्यावर लेबलाच्या आकाराची चौकट छापली किंवा आखली की ते थांबतं. खोका काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचं राहून जातं, मग खोक्याच्या वजनाएवढा माल कमी भरला जातो. शून्याच्या बटणावर जाड लाल टिकली चिकटवा आणि क्रम हातात बसेपर्यंत शब्दाने न सांगता नुसतं तिकडे बोट करा. ‘शून्य कर, शून्य कर’ असं तोंडाने सांगत राहिलं की तो बटणाकडे न पाहता सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायला शिकतो, आणि सांगणारा गेला की काम थांबतं. शब्दाची मदत सोडवणं हातवाऱ्याच्या मदतीपेक्षा अवघड असतं, हे नव्या कोचला पहिल्यांदा शिकवावं लागतं.

पण खरं अडतं ते या पायऱ्यांवर नाहीच, त्यांच्या कडेला. टेपचा रोल संपतो आणि तो तसाच उभा राहतो. तासभर उभा राहील. मुकादम येऊन म्हणतो, ‘आळशी आहे.’ आळशी नाही; रोल संपला तर काय करायचं ही पायरी कुणी शिकवलीच नव्हती. वीज गेली, चहाची वेळ बदलली, ज्याला विचारायचं तो आज आलाच नाही, खोक्यांचा आकार बदलला. दुसऱ्या कुठल्याही कामगाराला हे सांगावं लागत नाही, म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही की याला सांगावं लागेल. चांगला कोच दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम रोल संपू देतो आणि जास्तीचा रोल कुठे आहे, तो नसेल तर कुणाला विचारायचं, ती व्यक्ती नसेल तर दुसरं कोण, हे तीन-चार वेळा करून घेतो. या एका सरावाने जेवढ्या नोकऱ्या वाचतात तेवढ्या वर्षभराच्या ‘व्यक्तिमत्त्व विकासा’ने वाचत नाहीत.

प्रवासाचंही असंच. कोरेगावहून साताऱ्याला किंवा तासगावहून सांगलीला एसटीने येणं हा उमेदवारीचाच भाग आहे. कोच आधी शेजारी बसतो, मग दोन बाकं मागे, मग फक्त उतरायच्या थांब्यावर उभा राहतो, शेवटी नुसता फोन. पाटी वाचता येत नसेल तर गावाच्या नावाचा आकार ओळखायला शिकवतात. गडबड होते ती फलाट बदलल्यावर आणि विनाथांबा गाडीत चढल्यावर. म्हणून ‘चढण्याआधी वाहकाला गावाचं नाव विचारायचं, वाहक नसेल तर चढायचं नाही’ असा एकच नियम शिकवावा, दहा नियम शिकवू नयेत. दिव्यांगांना एसटीत 75 टक्के सवलत आहे, त्यामुळे भाड्याचा प्रश्न मोठा नाही. प्रश्न पहिल्या तीन आठवड्यांच्या सोबतीचा आहे, आणि बाप रोजगार बुडवून ती देऊ शकत नाही.

कारखानदाराच्या भीतीकडे वळू. तिला हसण्यात अर्थ नाही. फौंड्रीची भट्टी, पॉवर प्रेस, फोर्कलिफ्टची वाट, रसायनांचं कोठार या जागा या उमेदवारीच्या नव्हेतच, आणि ‘कुठेही काम करू शकतात’ असं भाषणात सांगणाऱ्यांनी त्यांचं नुकसानच केलं आहे. पण एका मध्यम कारखान्यात भट्टीवर असतात किती आणि स्टोअर, पॅकिंग, कँटीन, धुलाई, बागकाम, फाइलिंग यांत असतात किती? मिरज तर रुग्णालयांचं गाव; मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय काढून लावलेल्या रोपाचा आता बागेएवढा विस्तार झाला आहे. चादरी-गाऊनच्या घड्या, वॉर्डनिहाय मोजून गठ्ठे, व्हीलचेअर-ट्रॉली पुसून ठरल्या जागी लावणं, जुने केसपेपर क्रमाने लावणं, बाह्यरुग्ण विभागात हातमोजे आणि कापूस भरून ठेवणं. आज यातलं बरंचसं काम परिचारिका आणि वॉर्डबॉय आपल्या कामातून वेळ चोरून करतात, म्हणून ते धड होतही नाही. पाच जणांच्या कामातला हा एकेक तुकडा काढून एक नवी जागा बेतता येते. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत धुलाईघर आणि खोल्यांचं साहित्य, साताऱ्याच्या मिठाईवाल्यांकडे पेढ्यांचे बॉक्स; जागा शोधणाऱ्याला दिसतात. बेदाणा आणि हळद यांची एक अडचण प्रामाणिकपणे मान्य करावी. त्यांचा हंगाम असतो, हळदीत धूळही फार. वर्षभर चालणारं शीतगृह किंवा रुग्णालय त्यापेक्षा बरं, कारण बौद्धिक दिव्यांग कामगाराला चार महिन्यांची सुट्टी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून बरंच शिकणं.

सुशिक्षित बेकारांचा मुद्दा याहून बोचरा आहे. पदवीधर पोरं पुण्याची वाट धरतात, गावात कामं नाहीत, आणि तुम्ही यांना जागा मागता? सहानुभूती आहे, पण हिशेब जुळत नाही. चादरींच्या घड्या घालायला पदवीधर रांगेत उभा नाही. एमआयडीसीतले ठेकेदार पॅकिंग आणि हमालीला माणसं टिकत नाहीत म्हणून बाहेरच्या राज्यांतून टोळ्या आणतात, हे दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. टिकणं हाच जिथे तुटवडा, तिथे एकदा दिनक्रम बसला की वर्षानुवर्षं न हलणारा कामगार मालकाला परवडतो. तरीही दोन-चार ठिकाणी खरी स्पर्धा होईलच. तेव्हा 2016 च्या कायद्याचं 35 वं कलम आठवावं. खासगी आस्थापनांत 5 टक्के जागांवर दिव्यांग असावेत म्हणून शासनाने प्रोत्साहनं द्यावीत असं ते सांगतं, आणि दिव्यांगांत बौद्धिक दिव्यांगही येतात. आजवर ‘दिव्यांग कामगार’ म्हणून जे दाखवले गेले त्यांत बहुसंख्य पायाने अधू आहेत. त्यांचा हक्क आहेच. पण कोट्याची रांग नेहमी सर्वांत कमी तजवीज लागणाऱ्यापाशी थांबते.

तिसरा आक्षेप डाव्या विचाराच्या मंडळींचा आहे आणि मला तो सर्वांत जवळचा वाटतो : उमेदवारीच्या नावाखाली फुकटचा मजूर. इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. अमेरिकेच्या 1938 च्या कायद्याने दिव्यांगांना किमान वेतनाहून कमी पगार देण्याची मुभा दिली आणि ती दशकानुदशकं वापरली गेली. आपल्या 1948 च्या किमान वेतन कायद्यातल्या 26 व्या कलमानेही सरकारला दिव्यांग कामगारांना त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मोकळीक दिली होती. इंग्लंडची उमेदवारीही बिनपगारी आहे, आणि त्या बाबतीत इंग्लंडचं अनुकरण आपण करू नये. तिथे विद्यार्थ्याला इतर आधार असतात. इथे आटपाडी-खानापूरच्या घरातून रोज बाहेर पडणाऱ्याला डबा आणि भाडं तरी सुटलं पाहिजे. विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून, मुदत एक वर्षाच्या वर नाही, पूर्ण झाल्यावर पूर्ण वेतन. वेग कमी आहे म्हणून पगार कमी, हा युक्तिवाद मान्य केला की त्याला तळ उरत नाही. वेग खरोखर कमी असेल तर तास कमी करा, काम बदला, दर तोच ठेवा. आणि मुदत संपली की ‘यंदा जागा नाही, पुढच्या वर्षी नवे उमेदवार घेऊ’ म्हणणाऱ्या आस्थापनेला पुढची तुकडी देऊ नका. शिकाऊ उमेदवारी कायदा मालकावर नोकरी देण्याचं बंधन घालत नाही, त्यामुळे हा दट्ट्या करारातूनच आणावा लागेल.

शोषण नेहमी असं ठळक दिसतही नाही. तीन महिन्यांनी जाऊन पाहिलं तर पॅकिंगला ठेवलेला पोरगा चहा आणतोय, पान-तंबाखू आणतोय, साहेबाची गाडी पुसतोय. कुणाचा वाईट हेतू नसतो. तो नाही म्हणत नाही म्हणून सगळे सांगतात. मग खोके भरायचा त्याचा हात सुटतो आणि ‘त्याला काम येत नाही’ हे खरं ठरतं. टोपणनावं ठेवतात, उसने पैसे घेतात, पगार भावाच्या खात्यावर जातो. म्हणून कामाचं लेखी वर्णन, स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि कोचची न सांगता होणारी फेरी, ही कामावर लागल्यानंतरही किमान दोन वर्षं हवी. मुलींच्या बाबतीत कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती खरोखर आहे का, हे उमेदवारी सुरू होण्याआधी पाहावं. नसेल तर तिथे पाठवू नये, मालक कितीही सज्जन असला तरी.

‘आपल्याकडे हे रुजणार नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दोन स्थानिक दाखले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि ‘कमवा आणि शिका’ या भागाच्या हाडीमाशी खिळवलं. त्यातलं काम प्रदर्शनासाठी नव्हतं. शेत, खाण, स्वयंपाक, ज्यावाचून वसतिगृह चाललं नसतं असं काम. शिकणं आणि खरं काम एकाच वेळी चालतं, हे साताऱ्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे. दुसरा दाखला औंध संस्थानाचा. 1939 च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेले कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करू लागले. तुलना माणसांची नाही, रीतीची आहे, हे सांगायला नको. त्या रीतीत ‘आधी सुधारा, मग मोकळं सोडू’ हा क्रम मोडला होता. जबाबदारी आधी दिली, सोबत देखरेख ठेवली, आणि बदल त्या जबाबदारीतून अपेक्षिला. शिक्षा झालेल्यावर जो विश्वास टाकता आला तो काहीही गुन्हा न केलेल्या तरुणावर टाकताना आपले हात का कापतात?

राहिला पैसा. हिशेब करून पाहू. एका कोचला महिना 25 हजार धरले तर वर्षाचे 3 लाख. तो वर्षभरात पाच उमेदवार सांभाळतो असं धरू. सुरुवातीला दोन, ते सुटे होत जातील तसे पुढचे. डोई 60 हजार, तेही एकदाच. नंतरच्या फेऱ्यांचा खर्च किरकोळ. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना 2025 पासून महिना 2500, म्हणजे वर्षाला 30 हजार मिळतात. दोन वर्षांच्या निवृत्तिवेतनाइतक्या पैशात एक माणूस पगारावर लागत असेल तर सरकारला घाटा कुठे आहे? ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत आणि जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्चअखेरीस त्यातून वस्तूवाटप होतं किंवा थोडी थोडी रक्कम खात्यांवर टाकली जाते. एका तालुक्यातल्या पंचवीस-तीस ग्रामपंचायतींनी त्यातला तुकडा एकत्र केला तर एक कोच उभा राहतो. 2022 च्या डिसेंबरात राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. त्या विभागाने कार्यशाळांच्या मंजूर पदांत हे एक पद घातलं तर ग्रामपंचायतींकडे हात पसरायचीही गरज उरणार नाही. माणसं आहेत. विशेष शिक्षणाची पदविका घेतलेले कितीतरी तरुण-तरुणी कंत्राटी मानधनावर किंवा घरी बसून आहेत. त्यांना कारखान्याची भाषा शिकवायला दोन महिने पुरतात.

आणि तरीही आई-बाप नाही म्हणतील, कारण त्यांचा हिशेब याहून कठोर आहे. संजय गांधी योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 50 हजार. पोराला धड पगार लागला की अनुदान बंद. नोकरी सहा महिन्यांनी गेली तर? पुन्हा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, तलाठी, तहसील, समितीची बैठक, तोवर हातात शून्य. महिना 2500 थोडे असतात पण ते न चुकता येतात. नोकरीचं तसं नाही. हा युक्तिवाद मला खोडता येत नाही, कारण तो बरोबर आहे. त्याचं उत्तर पालकांच्या समुपदेशनात नाही, शासन निर्णयात आहे. उमेदवारीच्या काळात विद्यावेतन उत्पन्नात धरायचं नाही. पगार सुरू झाला की अनुदान रद्द न करता स्थगित ठेवायचं, आणि काम सुटल्याचं पत्र तहसीलला दिलं की नवा अर्ज न मागता पुढच्या महिन्यापासून ते चालू करायचं, किमान पहिली पाच वर्षं. एवढं लिहून मिळेपर्यंत मिरजेच्या रुग्णालयात जागा तयार असली, कोच तयार असला, मुलगाही तयार असला, तरी घरून होकार येण्याची अपेक्षा कुणी करू नये.